बाळ काचेच्या पेटीत, घर कोणाच्या भरवशावर?

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा आठवडा देशात राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताह म्हणून पाळला जातो. सरकारी रुग्णालयांत फलक लागतात, स्तनपानावर व्याख्याने होतात, बरी होऊन घरी गेलेल्या बाळांना बोलावून त्यांचे कौतुक होते. २०२५ मध्ये या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. एकीकडे बाळ वाचवण्याचा सप्ताह, दुसरीकडे रजेचा आणि मजुरीचा नवा कायदा. या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात.

तिथे बसलेल्या बाईचे बाळ आत ‘पेटीत’ आहे. तिला स्वतःला सुट्टी मिळालेली आहे, पण ती घरी जाऊ शकत नाही. नवरा कामावर गेला तर धावपळ करायला कोणी नाही आणि नाही गेला तर खाडा पडतो. मोठे मूल आजीकडे किंवा शेजारी आहे. ही तारेवरची कसरत आपण त्या कुटुंबाची खासगी अडचण समजतो. ‘दिवस कठीण आहेत, निघून जातील’ असे म्हणून धीर देतो. पण ही कसरत कोणाच्या वाट्याला किती यावी हे खाटा, रजा, मजुरी आणि घरातली विषमता ठरवते. म्हणून हा चळवळीचा प्रश्न आहे.

मोफत काय आणि किती दिवस?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ११ होता, तर देशाचा २०. शाश्वत विकास उद्दिष्टांनी २०३० साठी ठेवलेली १२ ची मर्यादा राज्याने त्याच वेळी गाठली होती. जिल्हा रुग्णालयांतले विशेष नवजात काळजी कक्ष आणि घरोघर जाणाऱ्या आशाताई यांचे त्यात मोठे श्रेय आहे. आशाताईंच्या घरभेटींची कल्पना तर गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या तिथल्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगासमोर आले.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. पुढे ही सोय एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. मात्र त्याच कार्यक्रमात आईचा मोफत आहार नैसर्गिक बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस एवढाच धरलेला आहे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले, सव्वा-दीड किलोचे बाळ कक्षात तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त राहते. आठव्या दिवसापासून त्या आईने काय खायचे, कुठे झोपायचे, अंघोळ कुठे करायची? योजनेच्या हिशेबात बाळ आहे, बाळंतपण आहे. बाळंतपण उरकल्यावरही बाळासाठी थांबलेली आई त्यात नीट बसत नाही.

या कुटुंबांसोबत काम करताना खर्चाचा क्रम पुन्हा पुन्हा तोच दिसतो. औषधांवर फार पैसे जात नाहीत. पैसे जातात ते जेवणावर, गावाहून येण्याजाण्यावर, बाहेरून करायला सांगितलेल्या एखाद्या तपासणीवर आणि सगळ्यांत जास्त बुडालेल्या मजुरीवर. दुसऱ्या आठवड्यात बचत गटातून उचल घेतली जाते. तिसऱ्या आठवड्यात मायक्रोफायनान्सचा हप्ता थकतो. त्याच सुमारास मोठ्या मुलीची शाळा सुटते, कारण घरी स्वयंपाकाला कोणी नसते. अशा घरांत बारा-तेरा वर्षांच्या मुलीने महिनाभर चूल सांभाळली, तर तिची गैरहजेरी बाळाच्या केसपेपरवर येत नाही आणि शाळेच्या हजेरीपटावर तिचे कारण लिहिले जात नाही.

रजेचे घड्याळ कधी सुरू होते?

आपल्या समाजात आज दोन तऱ्हेची घरे आहेत. आरक्षणामुळे आणि शिक्षणामुळे नोकरीत स्थिरावलेली शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी एका बाजूला. कंत्राटी सफाई, बांधकाम, घरकाम, शेतमजुरी करणारी बाई दुसऱ्या बाजूला. बाळ अतिदक्षता कक्षात गेले की दोघींना कायदा वेगवेगळा भेटतो.

नोकरदार बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अकाली प्रसूती किंवा तिच्यातून उद्भवलेले आजारपण असल्यास वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्याची भरपगारी रजा मागता येते. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. पण ती माहीत नसल्याने अनेकजणी ती मागतच नाहीत. तरीही मूळ अडचण उरते. रजेचे घड्याळ बाळाच्या जन्मापासून चालते. बाळ दोन महिने पेटीत राहिले तर रजेतले दोन महिने व्हरांड्यात संपतात. घरी आलेल्या नाजूक बाळाला, ज्याला तेव्हा आई सर्वांत जास्त लागते, उरलेले दिवस मिळतात.

ब्रिटनने या प्रश्नावर वेगळा कायदा केला. ६ एप्रिल २०२५ पासून तिथे जन्मानंतरच्या २८ दिवसांत सलग सात किंवा अधिक दिवस रुग्णालयात राहिलेल्या बाळाच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, १२ आठवड्यांपर्यंत स्वतंत्र रजा मिळते. ही रजा मातृत्व रजेतून वजा होत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या बापासाठी नव्या संहितेतही काही नाही.

दुसऱ्या घरातल्या बाईकडे वळू. संहितेतला मातृत्व लाभ मिळायला आस्थापना लागते, नोंद लागते, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. नाक्यावर उभी राहणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई हा पुरावा कुठून आणणार? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि लसीकरणाचा पहिला टप्पा झाल्यावर मिळतो. बाळ पेटीत असताना, म्हणजे गरज सर्वांत मोठी असताना, तो हाती नसतो.

यावर उपाय परदेशातूनच आणावा लागेल असेही नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात नवसंजीवन योजनेखाली आजारी बालकासोबत थांबणाऱ्या पालकाला बुडित मजुरी देण्याची तरतूद आहे. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रातही आईला जेवण आणि मजुरीची भरपाई दिली जाते. मुलाजवळ थांबणे हे काम आहे आणि त्याने मजुरी बुडते, हे तत्त्व शासनाने तिथे मान्य केलेले आहे. तेच तत्त्व नवजात कक्षाबाहेर बसलेल्या आईला लागू करायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही, शासन निर्णय लागतो.

आई ही भेटीला आलेली पाहुणी नाही

मुळात आईने बाहेर का बसायचे? संसर्गाच्या भीतीने आईबापांना दूर ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पण शास्त्र पुढे गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच आजची कांगारू काळजी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते १.८ किलोपेक्षा कमी वजनाच्या तीन हजारांहून अधिक बाळांपैकी, ज्यांना जन्मानंतर लगेच कांगारू काळजी मिळाली त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते. ज्यांना प्रकृती स्थिर झाल्यावर मिळाली त्यांच्यात १५.७ टक्के. त्यासाठी आईची खाट कक्षाच्या आतच ठेवावी लागली. २०२२ मध्ये संघटनेने शिफारसच केली की अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू काळजी मिळावी.

आठ तास म्हणजे कारखान्यातली एक पूर्ण पाळी. त्यात दर दोन-तीन तासांनी दूध काढणे आले, वाटी-चमच्याने किंवा नळीने ते देणे आले, रात्रीही. सिझेरियनचे टाके असलेली बाई हे सगळे करते आणि आपण म्हणतो ती ‘नुसती बसून आहे’. बाळाला वाचवणाऱ्या उपचाराचा एवढा मोठा भाग ती विनामोबदला करते. मग तिची खाट आणि तिचे जेवण हा उपचाराचाच खर्च धरला पाहिजे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच कुटुंबाच्या सहभागातून नवजात काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हात धुण्यापासून धोक्याची लक्षणे ओळखण्यापर्यंत आईबापांना शिकवावे आणि काळजीत सामील करावे, असे त्यांत आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आईला फक्त दूध पाजण्याच्या वेळी हाक मारली जाते आणि बापाला दारावरच्या काचेतून बाळ दाखवले जाते. परिचारिकांना दोष देऊन हे सुटणार नाही. एका परिचारिकेकडे झेपणार नाहीत इतकी बाळे असतील, तर आईबापांना शिकवायला वेळ कुठून येणार?

व्यवस्था किती ताणलेली आहे हे आपण पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० दगावली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, म्हणजे नवजात सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील कक्षाला आग लागली आणि त्या रात्री १० बाळे गेली. प्रत्येक वेळी विद्युत तपासणी, अग्निशमन आणि चौकशी समिती यांवर चर्चा झाली. ती हवीच. कुटुंबांचे हाल मात्र बातमीतले दुःख म्हणून आले आणि गेले.

बाबासाहेबांनी प्रश्न कुठे नेला?

रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी फक्त यशवंतराव वाचले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न बालपणीच गेले. राजरत्नाचा मृत्यू १९२६ मधला. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या मातृत्व लाभ विधेयकाचे समर्थन केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. ज्या घराने चार मुले गमावली, त्या घरातल्या माणसाने प्रश्न सहानुभूतीवर सोडला नाही, कायद्यात आणि अंदाजपत्रकात नेला. आपण मात्र आज तो पुन्हा घरात, आणि घरातही सुनेच्या अंगावर, आणून ठेवतो.

आपल्या घरातली विषमता

बाळ अशक्त जन्मले की पहिला बोट आईकडे वळतो. ‘नीट खाल्ले नाही’, ‘ग्रहणात बाहेर गेली’, ‘गेल्या जन्मीचे काही असेल’. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते ही समजूत बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतही अजून डोकावते. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. अशा शिकवणीने समाज आणि शासन गरिबांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी दाखवून दिले. आईच्या कर्माला दोष दिला की व्हरांड्यातल्या खाटेचा प्रश्न कोणी विचारत नाही.

सव्वा महिन्याचेही तसेच. बाळंतिणीला विश्रांती मिळावी हा त्यातला चांगला भाग. पण ‘सव्वा महिना बाहेर पडायचे नाही’ म्हणून तिला माहेरी नेऊन ठेवले, तर रुग्णालयातल्या बाळाचे दूध तुटते. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या दुधासारखे औषध नाही. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली ती याच कारणाने.

आणि बाप? कांगारू काळजी बाप देऊ शकतो, आजी देऊ शकते, आत्या देऊ शकते. स्वच्छता पाळणारे, निरोगी माणूस एवढीच अट. बाप दोन तास बाळ छातीशी घेऊन बसला तर आई तेवढा वेळ झोपू शकते, मोठ्या मुलाशी फोनवर बोलू शकते. घरातला समतोल इथून सुरू होतो. बाळ मुलगी असली की भेटीला येणारे कमी होतात आणि ‘घरी घेऊन चला’ हा आग्रह लवकर सुरू होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बाळ घरी नेण्याची वेळ येते तेव्हा कागदावर आईबापाचा अंगठा असतो. त्यामागे थकलेला हप्ता असतो आणि कधी मुलगी असणेही असते.

विहार काय करू शकतो?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी, घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. त्याची कोणी सेवा करत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना विचारले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आजाऱ्याची सेवा कशी करावी याचेही नियम त्यांनी घालून दिले. करुणेला त्यांनी कामाची वाटणी करून दिली.

आपल्या विहारांकडे जागा आहे, महिला मंडळे आहेत, समता सैनिक दलाचे तरुण आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विहाराने पुढील कामे अंगावर घेतली तर खर्च फार नाही, शिस्त मात्र लागेल.

एक, डब्याची पाळी. रुग्णालयाजवळच्या वस्तीतल्या घरांनी वार वाटून घ्यावेत. जात, धर्म न विचारता.

दोन, मोठ्या मुलांची शाळा. विहारातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी त्यांना बसवावे आणि त्यांच्या शिक्षकांना परिस्थिती कळवावी.

तीन, कागदपत्रांसाठी एक माहितगार कार्यकर्ता. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नाही म्हणून कुटुंब परत फिरू नये. आरोग्यमित्राला सोबत जाऊन भेटावे. खासगी धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर धर्मादाय रुग्णालयांच्या अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला. तो संताप माहितीत बदलला पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि १०२, आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर असावेत.

चार, बुडित मजुरीचा छोटा निधी. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा यासाठी बाजूला काढावा. कर्ज म्हणून न देता आधार म्हणून द्यावा.

पाच, घरी आल्यानंतरची सोबत. कमी दिवसांच्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. ती राहिली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. ऐकण्याची तपासणीही लागते. त्या फेऱ्यांना कोणी सोबत गेले तरी मोठा आधार होतो. आई सतत रडते, झोपत नाही, बाळाला घ्यायला घाबरते, तर ‘लाड करते’ म्हणू नये. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

मागण्या लेखी हव्यात

सेवेने शासनाची जबाबदारी संपत नाही. म्हणून सेवेसोबत मागण्याही हव्यात. नवजात कक्षात बाळ असेपर्यंत आईला खाट, जेवण आणि स्वच्छतागृह मिळावे. आईबाप दोघांनाही कक्षात काळजीसाठी प्रवेश असावा आणि २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी किती झाली हे प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावे. परिचारिकांची रिक्त पदे भरावीत. असंघटित कामगार आईला आणि सोबतच्या एका पालकाला बुडित मजुरी मिळावी. संघटित क्षेत्रात बाळ रुग्णालयात राहिले तेवढे आठवडे मातृत्व रजेत वाढवून मिळावेत आणि बापालाही वेगळी रजा असावी.

सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी योजना करण्याचे काम केंद्र आणि राज्य दोघांकडे दिलेले आहे. या योजना आखल्या जात असताना आपल्या कामगार संघटना, महिला संघटना आणि विहार समित्यांची निवेदने जिल्हाधिकारी, कामगार आयुक्त आणि आमदारांच्या टेबलावर असली पाहिजेत. प्रत्येक तालुक्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यात तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात बाळांच्या खाटा किती, आईंच्या किती आणि मागच्या वर्षी किती कुटुंबांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध बाळ घरी नेले.